दसऱ्याला उघडायचे पुस्तक

उमरेडच्या विणकराच्या घरातले ते पुस्तक मी पाहिले नव्हते. पाहिले, असे मी सांगितले. माझी चूक एवढीच आहे. पण तिच्यापायी एका माणसाचे आयुष्यभराचे काम अर्धे राहिले, आणि दुसऱ्या एका माणसाचे लिहिलेले सगळे मातीला मिळाले. लढाई चालू होती तोवर हे लिहायला कागद मिळत नाही ही सबब मला पुरत होती. आता लढाई संपून वर्ष झाले, कागद मिळू लागला, आणि सबब उरली नाही.

सीताबर्डीवरच्या एका जुन्या वाचनालयात मी कॉलेज सुटताच साहाय्यक म्हणून लागलो. तिथले ग्रंथपाल पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ठेंगणी मूर्ती, काळी टोपी, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. वैशाखात वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी मारून मारून चपराशी थकून जाई, तरी त्या कोटाचे वरचे बटण कधी सुटले नाही.

गुरुजींनी एक काम अंगावर घेतले होते. आपल्या प्रांतात, म्हणजे नागपूरकडे आणि वऱ्हाडात, छापले गेलेले प्रत्येक मराठी पुस्तक शोधायचे आणि त्याची सूची करायची. पुण्या-मुंबईच्या सूच्यांत आमच्याकडची पुस्तके फारशी नसत. एखाद्या तालुक्याच्या गावी कुणी वैद्य औषधांवर पुस्तक छापून घेई, कुणी मास्तर मुलींसाठी गाणी छापी, चार-दोन वर्षे ते घरोघर दिसे, आणि मग माळ्यावर जाई. गुरुजी सुटीच्या दिवशी अशा माळ्यांवर चढत. उतरत तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ असे.

प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड. नाव, कर्ता, छापखाना, साल, आकार, पाने. आकार ते स्वतः फूटपट्टीने मोजत, आकडे नसलेली पानेही बोटाला थुंकी न लावता मोजत, मुखपृष्ठावर काय आहे आणि त्याच्या पाठीवर काय आहे ते उतरवून घेत. सगळे झाले की कार्डाच्या तळाशी एकच शब्द लिहीत: पाहिले. ज्या कार्डावर हा शब्द नाही ते कार्ड सूचीत जात नसे, मग ते पुस्तक असल्याची कितीही थोरांनी ग्वाही देवो.

आमचा चपराशी म्हातारा, तोंडाचा फटकळ होता. गुरुजी नव्या सापडलेल्या पुस्तकाला उलटसुलट करू लागले की तो मला कोपरखळी मारी.

"पाहा ना बाबू, गुरुजी असे पाहून राह्यले जसे वरपक्षाचे लोक पोरगी पाहून राह्यले. आता म्हणतीन, चालून दाखव."

"ऐकू येतं मला," गुरुजी मान वर न करता म्हणत.

"येऊ द्या ना जी. मी काय खोटं बोलून राह्यलो? कोणाचं लगन जुळलं काय अजून?"

"या पोरीच्या पाठीवर छापखान्याचं नाव नाही. घरच्यांनी काहीतरी लपवलं आहे."

असे दिवस होते. मी त्यांच्या हाताखाली तयार होत होतो आणि त्याचा मला अभिमान होता. पुढे पुढे दूरच्या ठिकाणी ते मला पाठवू लागले. त्यांचे गुडघे दुखत, आणि सूचीचा पहिला भाग छापायला द्यायची वेळ जवळ आली होती. मी पाहून आलो की माझ्या शब्दावर ते 'पाहिले' लिहीत. स्वतःच्या नियमात त्यांनी केलेली ती एकुलती एक सूट होती.

उमरेडची बातमी एका कापडवाल्याने आणली. तिथल्या एका विणकराचा बाप पदे रचायचा, त्या पदांचे पुस्तक कामठीला छापले होते, आणि त्याची एक प्रत घरात आहे म्हणे. विणकराने लिहिलेले, कामठीत छापलेले पुस्तक! गुरुजींच्या हातातली लेखणी खाली आली.

"उद्याच जा," ते म्हणाले. "दसरा परवा आहे, उद्या रात्रीपर्यंत परत येशील. नाहीच जमलं तर राहा. पण पाहून ये."

छोट्या रुळांची ती गाडी शेतांमधून डुलत डुलत जाते. उमरेडला मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. विणकरांच्या आळीत घराघरातून धोट्याची खटखट ऐकू येत होती. मला हवे होते ते घर शेवटचे. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक पन्नाशीचा माणूस मागावर बसला होता. बारीक सुताचे काम करून करून त्याचे डोळे अधू झाले होते. कापडाच्या काठावर तो बोटे फिरवून पाही.

मी कशासाठी आलो ते ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"माह्या बाचं नाव छापणार जी तुम्ही? सरकारात जाईन ते?"

सरकारात नाही, पण पुण्या-मुंबईला जाईल, असे मी म्हणालो.

"ऐकलं काय वं?" त्याने चुलीकडे हाक दिली. "बाचं नाव मुंबईले चाललं!"

"मंग त्याहिले च्या तरी द्या आधी," बायको आतून म्हणाली. "मुंबई काय पळून चालली?"

पुस्तक देव्हाऱ्यात होते. लाल रेशमी काठाच्या कापडात बांधलेले लहानसे गाठोडे, देवांच्या टाकांमागे ठेवलेले. मी हात पुढे केला तेव्हा त्याने माझ्याकडे नवलाने पाहिले.

"आज नाही जी. दसऱ्याच्या सकाळी मागाची पूजा होते, तवाच हे उघडते. सालातून एकडाव. बानं मरतानी सांगतलं. आजची रात थांबा ना. उद्या सकाळी तुमच्याच हातानं उघडू."

"जेवाले भाजी-भाकर आहे," बायको दारात येऊन म्हणाली. "खाट टाकून देतो वसरीत. थांबा एक रात."

मी परतीच्या गाडीची वेळ विचारली.

हे मला नीट लिहिले पाहिजे, कारण इतकी वर्षे मी ते स्वतःला वेगळे सांगत आलो. मी सांगत आलो की दुसऱ्या दिवशी दसरा होता, घरी सण होता, आई वाट पाहत होती. ते खरे होते. पण गुरुजींनी राहायला सांगितले होते आणि आईलाही राहीन कदाचित असे मी सांगून आलो होतो. खरे कारण ती भाकर होती. त्या घरी शिजलेले अन्न मी खाल्ले तर आईला काय सांगू, हे माझ्या मनात आले. नुसते आईचे नाही, माझेही मन आखडले. त्याच वर्षी आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी सहभोजनावर बोललो होतो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चहाही मी कपाला ओठ लावून तसाच ठेवला.

मग मी त्या माणसाला विचारले, पुस्तक केवढे आहे? त्याने तळहात पसरून दाखवला. जाड किती? त्याने करंगळी दाखवली. कधी छापले? तो विचारात पडला. "मोठ्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट असंन." मी सगळे टिपून घेतले. तळहाताचे इंच केले, करंगळीची पाने केली, दुष्काळाच्या आधीचे एक साल धरले, आणि कामठीचा जो एकच छापखाना मला ठाऊक होता त्याचे नाव घातले. गाडीत बसून सुवाच्य अक्षरात कार्ड तयार केले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते वाचले. "पाहिलंस?" त्यांनी विचारले.

"पाहिलं."

त्यांनी लेखणी शाईत बुडवली आणि तळाशी तो शब्द लिहिला.

सूचीचा पहिला भाग दुसऱ्या वर्षी छापून आला. चांगला बोलबाला झाला. वाचनालयाच्या समितीने दुसऱ्या भागाचाही खर्च उचलायचे ठरवत आणले होते. त्या भागाची कार्डे खणांतून तयार होती. गुरुजींच्या पायांनी केलेले, माळ्यांवरून आणलेले सगळे काम त्यांत होते.

तेवढ्यात, चैत्रात, पुण्याच्या एका अभ्यासकाचा लेख आला. सूचीची त्याने स्तुती केली होती, पण उमरेडच्या पुस्तकाची नोंद घेऊन त्याने विचारले होते, की नोंदीत दिलेल्या सालानंतर बऱ्याच काळाने जो छापखाना कामठीला निघाला, त्याने हे पुस्तक छापले कसे? सूचीकाराने हे पुस्तक खरोखर पाहिले आहे काय? आणि हे पाहिलेले नसेल, तर बाकीची पाहिली आहेत याला आधार कोणता?

गुरुजींनी लेख माझ्यापुढे ठेवला. रागावलेले नव्हते, उलट हुरूप आल्यासारखे दिसत होते.

"मुखपृष्ठावर साल होतं ना? मग त्यांची छापखान्याची माहिती चुकली असणार. मी स्वतः जाऊन येतो. येत्या रविवारी जाऊ."

त्या क्षणी मी बोललो असतो तर सगळे वाचले असते. तेव्हा मला ते ठाऊक नव्हते, पण बोलायला हवे हे ठाऊक होते. मी म्हणालो, "दसऱ्याशिवाय ते लोक पुस्तक उघडत नाहीत." हे खरे होते. त्या खऱ्याच्या आड मी माझे खोटे पावसाळाभर लपवले.

समितीला गुरुजींनी कळवले की दसऱ्याला मी प्रत समक्ष पाहून येतो, तोवर निर्णय थांबवावा. समिती थांबली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे निघालो. गाडीत गुरुजी खिडकीशी बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत फूटपट्टी. "तुला ते कुठलं पद वाचल्याचं आठवतं का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, घाईत पदे वाचली नाहीत. ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी सगळी जिंदगी मुखपृष्ठं वाचण्यात गेली. तुझीही जाणार म्हणायची."

विणकर आजारातून उठला होता. पावसाळाभर तापाने अंथरुणाला खिळला होता, असे त्याने सांगितले. डोळे आणखी गेले होते. गुरुजी त्या घरी जेवले. पानात पडले ते सगळे जेवले, आणि भाकर मागून घेतली. त्यांच्यासमोर मलाही जेवावे लागले. ज्या भाकरीसाठी मी खोटे बोललो होतो ती मी तिथे बसून खाल्ली, आणि मला काहीही झाले नाही.

सकाळी मागाची पूजा झाली. धोट्याला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार मागावर चढला. मग विणकराने हात धुतले, गाठोडे चाचपत काढले आणि गुरुजींच्या ओंजळीत ठेवले.

"तुम्हीच उघडा जी. बाले बरं वाटंन."

गुरुजींनी गाठ सोडली. मी त्यांच्या खांद्यामागे उभा होतो. आतले पुस्तक तळहाताएवढे होते, करंगळीएवढे जाड. वरचे पान फाटलेले होते. आतल्या पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते: कपाशीवरील कीड व तिचा बंदोबस्त. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांना फुकट वाटतात तसले ते माहितीपत्रक होते.

गुरुजींनी एक पान उलटले, दुसरे उलटले. घरात वाचता येणारे कोणी नव्हते. विणकर गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड किंचित उघडे टाकून ऐकायला बसला होता.

"बाचं नाव कुठं आहे जी? माह्या बोटाले दाखवा."

चुलीपाशी त्याची बायको उभी होती. तिने पदराचे टोक दातांत धरले होते आणि ती गुरुजींकडे पाहत होती. तसे पाहताना मी दुसऱ्या कोणाला पाहिले नाही.

गुरुजींनी विणकराचे बोट हातात घेतले, एका ओळीवर टेकवले आणि त्याच्या बापाचे नाव वाचले. पुऱ्या नावाने, आडनावासकट, सावकाश.

तो माणूस रडू लागला. मग त्याने आपल्या आपणच एक पद म्हणायला सुरुवात केली, बापाच्या चालीत, मागाच्या खटखटीला बसणाऱ्या ठेक्यात:

"धागा तुटे त्या ठाई, गाठ देऊन विण,
गाठ लागे हाताले, तीच देवाची खूण."

गुरुजी त्या किडीच्या पत्रकावर बोट फिरवत होते. "हेच," ते म्हणाले. "शब्द न शब्द."

"बाकीची पदं म्हणता का? मी उतरून घेतो," त्यांनी पिशवीतून कागद काढत विचारले.

"मले दोन-तीनच येतेत जी," विणकर डोळे पुसत हसला. "बाकीचे पुस्तकात आहेत ना. म्हणून पाठ नाही केले."

जी येत होती ती गुरुजींनी कागदावर उतरवून घेतली.

निघालो तेव्हा त्याची बायको पाण्याच्या निमित्ताने घागर घेऊन आमच्या मागोमाग विहिरीपर्यंत आली. घागर खाली ठेवून तिने गुरुजींच्या पायाला हात लावला.

"तुमचे लय उपकार झाले बाबा. औंदाच्या पानकळ्यात देव्हाऱ्याले वाळवी लागली. हे तापात पडलेले. मी गाठोडं उचललं तं हातात मातीच आली. पानं नाही, काही नाही. आता ह्याहिले सांगतलं असतं तं हे उठलेच नसते. बाजारात ते पुस्तक वाटत होते, मापाचं दिसलं, तेच बांधून ठेवलं. देवाची जागा खाली कशी ठेवू?"

गुरुजी म्हणाले, "म्हणजे या पावसाळ्यापर्यंत ते होतं?"

"होतं ना जी. हे बाबू आले होते तवा तं अख्खं होतं." तिने माझ्याकडे बोट केले. त्यात काही आरोप नव्हता, ती बिचारी सांगत होती तेवढेच. "म्या बाबूले म्हटलंही होतं, थांबा एक रात, सकाळी पाहून जा. पण ह्याहिची गाडी होती."

विहिरीच्या रहाटावर एक कावळा बसला होता. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. गुरुजींनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. त्यांनी त्या बाईला वाकून नमस्कार केला आणि स्टेशनची वाट धरली.

परतीच्या गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. इतवारीचे स्टेशन आले तेव्हा मी पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

समितीची बैठक दिवाळीनंतर भरली. इतिवृत्त लिहायचे काम माझे होते. अध्यक्षांनी विचारले, "तर मग पाहिलंत पुस्तक?"

गुरुजी उभे राहिले. "आता ते पुस्तक नाही. म्हणून नोंद मी काढून टाकतो आहे. न पाहिलेल्या पुस्तकापुढे 'पाहिले' असं मी लिहिलं. चूक माझी आहे."

एक सभासद म्हणाले, "तुमच्या साहाय्यकानं पाहिलं होतं असं आपण म्हणाला होतात."

"अक्षर माझं आहे," गुरुजी म्हणाले.

दुसरे एक वकील सभासद हसून म्हणाले, "अहो, पण असं आणखी किती ठिकाणी झालं असेल?" मी मान खाली घालून लिहीत होतो. 'ग्रंथपालांनी आपली चूक मान्य केली' हे वाक्य माझ्या हातचे आहे. 'दुसऱ्या भागाचा विचार तूर्त स्थगित' हेही. ते तूर्त अजून संपलेले नाही.

पहिल्या भागाच्या शिलकी प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायचे काम माझ्याकडे आले. कणकेची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे, आणि त्या नोंदीवर कोरी चिठ्ठी डकवायची. क्रमांक तसाच राहिला, त्याच्यापुढे पांढरी पट्टी. बोटे हिरवी-निळी झाली. चपराशी खळीचे भांडे ढवळता ढवळता म्हणाला, "बाबू, काहून गा चूप चूप राहता आजकाल? घरी भांडण झालं काय?" मी हो म्हणालो.

गुरुजींनी मला कधी काही विचारले नाही. निवृत्त होईपर्यंत, बरीच वर्षे, आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो. बोलणे होई, पुस्तकांचेच होई. पण मला दूरच्या गावी त्यांनी पुन्हा पाठवले नाही. गुडघ्यांना तेल चोळून स्वतः जात. छापले जाणार नाही हे ठाऊक असलेल्या भागासाठी ते कार्डे करीतच राहिले. प्रत्येकावर तो शब्द लिहिताना लेखणी क्षणभर थांबे. इतर कोणाला ते जाणवले नसेल.

त्यांच्या मागून मी ग्रंथपाल झालो. त्यांची खुर्ची, त्यांची फूटपट्टी, त्यांच्या कार्डांचे खण माझ्या ताब्यात आले. वाळवीला आवाज नसतो असे लोक म्हणतात. असतो. पावसाळ्यात, दुपारी वाचक कमी असले की, मागच्या दालनात कोणी कोरड्या पानावरून बोट फिरवावे तसे ऐकू येते. मी उठून जातो. भिंतीवर मातीची रेघ दिसते का पाहतो, कपाटे हलवतो, एकेक पुस्तक काढून उघडतो. बहुधा काही नसते. एकदा एक जाड पुस्तक उचलले तर ते हाताला हलके लागले. उघडले, आत मातीची चाळण. बाहेरून पुठ्ठा शाबूत, कण्यावरची अक्षरेही सोनेरी. मी ते पुष्कळ वेळ हातात धरून उभा होतो. कुणाच्या तरी बापाची पदे माझ्या हातात आहेत असे मला वाटत राहिले. तो ठेका तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. सीताबर्डीच्या गर्दीत टांग्याच्या टापा ऐकल्या तरी ते पद त्यांच्यावर बसते. गुरुजींनी उतरवून घेतलेली दोन-तीन पदे येतात. मग पुढची, जी कुणालाच येत नाहीत, त्यांच्या जागी नुसता ठेका चालू राहतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी धरमपेठेला गेलो. गुरुजी तिथे मुलीकडे राहतात. मोतीबिंदूमुळे आता त्यांना वाचता येत नाही. ओसरीवर बसले होते, कोटाचे बटण लावलेले. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखले.

"ये. वाळवी-बिळवी नाही ना?"

"नाही. गुरुजी, मी उमरेडला त्या पहिल्या खेपेस…"

"नवमी होती, दसरा नव्हे," ते म्हणाले. "बोल."

मी सगळे सांगितले. भाकरीचे सांगितले, गाडीत कार्ड लिहिले ते सांगितले, चैत्रात गप्प राहिलो ते सांगितले. मला क्षमा करा, असे म्हणालो. त्यांच्या मुलीने पन्हे आणून ठेवले होते. त्यांनी पेला चाचपून उचलला.

"मी वाट पाहिली तुझी," ते म्हणाले. "त्या गाडीत पाहिली. समितीत पाहिली, वाटलं आता उठशील. मग पुढं सोडून दिली. तुला वाटलं असेल मी तुला पाठीशी घातलं. तसं नव्हतं. माझं कामच होतं की स्वतः पाहायचं, आणि मी दुसऱ्याला पाठवलं. तू समोर बसलेला दिसलास की ते मला रोज आठवे. म्हणून तुला कामावर ठेवलं."

त्यांनी पन्ह्याचा एक घोट घेतला.

"आणि मी तिथं जे वाचलं," ते थांबले. "आयुष्यात एकदाच मी पानावर नसलेलं वाचलं. ते तुझ्यामुळं. त्याचं मला वाईट वाटत नाही, हे मात्र तू कुणाला सांगू नकोस."

मग पेला खाली ठेवून म्हणाले, "माझं जे राहिलं ते तुझ्या खणांत आहे. छापणारा भेटला तर छापशील. त्या बाईचं जे गेलं ते कुठल्या खणात आहे? माझ्याकडं काय आलास? चुकीच्या पत्त्यावर आलास." आणि मी उठून निघालो तेव्हा मागून म्हणाले, "या वेळी परतीच्या गाडीची वेळ विचारू नकोस."

या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी उमरेडला गेलो. विणकर काही वर्षांपूर्वी गेला. लढाईत सूत मिळेनासे झाले आणि आळीतले बरेच माग बंद पडले. मुलगा नागपूरला मिलमध्ये आहे, सणासाठी बायकोसह आला होता. म्हातारी खूप वाळली होती, पण तिने मला ओळखले.

"गाडीवाले बाबू," ती हसून म्हणाली. "आज किती वाजता गाडी?"

"आज राहणार आहे, माय. भाकर आहे का?"

"भाकरीले काय तोटा गा? बस."

सकाळी बंद मागाची पूजा झाली. म्हातारीने गाठोडे काढून माझ्या हातात दिले. "ते मोठे बाबा वाचून गेले, तवापासून कोणी वाचलं नाही. नुसतं हळदकुंकू वाहून बांधतो. तुम्ही वाचा." सून आणि मुलगा हात जोडून बसले होते. मी गाठ सोडली. तेच पत्रक, पिवळे पडलेले, कुंकवाने डागळलेले. मी ते उघडे धरले आणि गुरुजींनी उतरवून घेतलेली ती दोन-तीन पदे म्हटली. ती मला पाठ आहेत. ठेक्याला म्हातारीचे बोट जमिनीवर वाजत होते. पदे संपल्यावरही थोडा वेळ वाजत राहिले.

मुलगा आणि सून सोने वाटायला शेजारी गेली. म्हातारीने गाठोडे पुन्हा बांधायला घेतले. तिच्या बोटांना गाठ मारायला वेळ लागत होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"माय, मी पहिल्यांदा आलो होतो तेव्हा तू मला रात्रभर थांब म्हणालीस. मी थांबलो नाही, कारण मला तुझ्या हातचं खायचं नव्हतं. थांबलो असतो तर सासऱ्याची सगळी पदं मी त्या सकाळी उतरून घेतली असती, आणि वाळवीला नुसता कागद मिळाला असता. मी जाऊन पुस्तक पाहिलं असं खोटं सांगितलं, आणि नंतरही गप्प राहिलो. तुझ्या घरचं पुस्तक माझ्यामुळं गेलं. माझं चुकलं, माय. मला माफ कर."